तेलदाब संवेदक, जुन्या मोटारगाड्यांतील

मोटारगाडीच्या अंतर्ज्वलन एंजिनातील वंगण तेलाचा दाब ओळखून त्याची सूचना चालकापुढील फलकावर पोहोचविणाऱ्या प्रयुक्तीस तेलदाब संवेदक म्हणतात. एंजिनाच्या सिलिंडर ठोकळ्यावर आट्यांनी बसविलेला, अंगठ्याएवढा किंवा लहान डबीएवढा हा भाग दिसण्यास क्षुल्लक असला, तरी एंजिनाचे आयुष्य पुष्कळ अंशी त्याच्या खरेपणावर अवलंबून असते. जुन्या मोटारगाड्यांच्या बाबतीत त्याला विशेष महत्त्व आहे. कारण अशा गाड्यांचे सुटे भाग दुर्मिळ असतात, एंजिनाची झीज झालेली असते आणि मूळ संवेदक कित्येकदा दुसऱ्याच गाडीच्या संवेदकाने बदललेला असतो. मोटारगाड्यांच्या ऐतिहासिक जतनासाठी १९६६ मध्ये स्थापन झालेली ‘फिवा’ ही आंतरराष्ट्रीय संघटना किमान ३० वर्षांपूर्वीच्या गाडीस ऐतिहासिक वाहन मानते. भारतात २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या व मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी करता येते.

तेलदाब संवेदकात दोन प्रकारचे दोष संभवतात. दाब पुरेसा असताना तो कमी दाखविणारा संवेदक मालकाला भयभीत करतो व निष्कारण एंजिन उलगडण्याच्या खर्चात पाडतो. दाब नाहीसा झालेला असताना तो पुरेसा दाखविणारा संवेदक याहून घातक होय. कारण वंगण तेल न मिळाल्यास फिरत्या एंजिनातील धारवे (बेअरिंगे) अल्पावधीतच तापून वितळतात किंवा भुजादंडाला चिकटून बसतात. म्हणून संवेदक शोधणे, ओळखणे व तपासणे यांची पद्धत माहीत असणे उपयुक्त ठरते.

तेलदाबाचा अर्थ : एंजिनाच्या तळाशी असलेल्या द्रोणीतील तेल पंपाने उचलले जाते व गाळणीतून मुख्य तेलमार्गात ढकलले जाते. तेथून ते भुजादंडाचे (क्रँक दंडाचे) मुख्य धारवे, संयोगदांड्यांचे धारवे व कॅम दंड यांच्याकडे जाते. पंप केवळ तेलाचा प्रवाह निर्माण करतो. धारवे व दंड यांच्यामधील अरुंद फटींतून तेल बाहेर पडताना त्याला विरोध होतो आणि या विरोधामुळे तेलमार्गात दाब उत्पन्न होतो. फटी झिजून रुंदावल्या, तेल तापून पातळ झाले किंवा पंपाची दंतचक्रे झिजली म्हणजे दाब उतरतो. याउलट तेल थंड व घट्ट असताना दाब वाढतो. तो अवाजवी वाढू नये म्हणून स्प्रिंगयुक्त दाबमुक्ती झडप बसविलेली असते. ठराविक मर्यादेपलीकडे ती उघडते व जादा तेल द्रोणीत परत जाते.

मापकावर दिसणारा दाब हा तेलपुरवठ्याचा दाब असतो. धारव्यात भार पेलणाऱ्या तेलाच्या पातळ थराचा तो दाब नव्हे. बोशँप टॉवर या ब्रिटिश अभियंत्यांनी १८८३ च्या सुमारास धारव्यांवर प्रयोग करीत असता धारव्याच्या वरच्या भागात पाडलेल्या छिद्रातून तेल जोराने बाहेर येते व छिद्रात ठोकलेले बूचही बाहेर ढकलले जाते, असे पाहिले. दंडाच्या फिरण्यामुळेच हा मोठा दाब निर्माण होतो, हे ऑझ्बर्न रेनल्ड्झ यांनी १८८६ मध्ये गणिताने दाखवून दिले. पंपाचे काम या थराला तेल अखंड पुरविणे एवढेच आहे. त्यामुळे तुलनेने कमी पुरवठा-दाबावरही एंजिन सुरक्षितपणे चालू शकते. मात्र पुरवठा थांबला की थर फुटतो व धातूवर धातू घासू लागतो. [→ वंगण व वंगणक्रिया].

संवेदक ज्या जागी बसविलेला असतो तेथील दाबच त्याला कळतो. त्या जागेच्या पुढे एखादा तेलमार्ग गाळाने बुजला असेल, तर पुढील भाग कोरडा पडूनही मापकावर दाब चांगला दिसतो. किंबहुना किंचित वाढलेलाही दिसू शकतो. म्हणून दाब उत्तम असणे आणि वंगण सर्वत्र पोहोचणे या दोन गोष्टी एकच समजणे चूक आहे.

पूर्वपीठिका : सर्वच जुन्या गाड्यांना तेलदाब संवेदक असतो असे नाही. फोर्ड कंपनीने १९०८ ते १९२७ या काळात तयार केलेल्या ‘मॉडेल टी’ या गाडीत तेलपंपच नव्हता. गतिपालचक्राच्या फिरण्याने तेल उडविले जाई व ते गुरुत्वाने वाहत जाऊन भागांना मिळे. तेलाची पातळी पाहण्यासाठी एंजिनाच्या तळाशी दोन तोट्या होत्या. अशा गाडीत दाब मोजण्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही. शेवरोले गाडीच्या २१६ घन इंची सहा सिलिंडर एंजिनात (१९३७–५३) मुख्य धारव्यांना पंपाने तेल मिळे, पण संयोगदांड्यांच्या धारव्यांना ते तेलाच्या धारांतून व लहान पळ्यांच्या साहाय्याने मिळे. त्यामुळे या गाडीच्या मापकाची मोजपट्टी ३० पौंड/चौ. इंच (सु. २·१ किग्रॅ./चौ. सेंमी.) एवढीच असून तिच्या मध्याजवळील दाब हाच प्राकृत दाब होय. जनरल मोटर्स कंपनीचा जुळणी कारखाना १९२८ ते १९५४ या काळात मुंबईत शिवडी येथे होता. या एंजिनाचा दाब आजच्या गाडीच्या मानाने पाहून तो अपुरा ठरविणे ही नेहमी घडणारी चूक आहे. याउलट १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या ‘एमजीबी’ या ब्रिटिश गाडीत चालू स्थितीतील दाब ५० ते ८० पौंड/चौ. इंच (सु. ३·५ ते ५·६ किग्रॅ./चौ. सेंमी.) आणि मंद गतीतील दाब १० ते २५ पौंड/चौ. इंच (सु. ०·७ ते १·८ किग्रॅ./चौ. सेंमी.) अपेक्षित असतो. दर मिनिटास १,००० फेऱ्यांमागे १० पौंड/चौ. इंच दाब असावा, असा एक स्थूल नियम सांगितला जातो. परंतु तो पूर्ण दाबवंगण असलेल्या एंजिनांनाच लावता येतो. कोणत्याही चाचणीपूर्वी त्या गाडीच्या कार्यशाळा-पुस्तिकेतील आकडे पाहणे हाच योग्य मार्ग होय.

प्रकार : जुन्या मोटारगाड्यांत तेलदाब दर्शविण्याच्या चार पद्धती आढळतात.

(१) यांत्रिक मापक : यात विजेचा संबंध नसतो. एंजिनापासून निघालेली तांब्याची वा नायलॉनाची बारीक नळी तेल थेट फलकावरील मापकापर्यंत आणते. मापकाच्या आत चपट्या काटछेदाची वक्र नळी असते. दाबाने ती किंचित सरळ होते व तिच्या टोकाची हालचाल दंतचक्रांद्वारे काट्यास मिळते. या नळीचे एकस्व फ्रेंच अभियंते अझेन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये घेतले व त्यांच्याच नावाने ती ओळखली जाते. हा मापक विश्वसनीय असतो. पण नळी फुटल्यास तापलेले तेल गाडीच्या आत गळते, हा त्याचा दोष होय.

(२) दाबस्विच : हा फलकावरील तांबडा दिवा चालू-बंद करतो. स्विचाच्या आत लवचिक पटल, स्प्रिंग व विद्युत् स्पर्शक असतात. दाब नसताना स्प्रिंगमुळे स्पर्शक जुळलेले राहतात, विद्युत् मंडल एंजिनाच्या धातूमधून पूर्ण होते व दिवा लागतो. दाब वाढला की पटल स्प्रिंगविरुद्ध सरकते, स्पर्शक विलग होतात व दिवा विझतो. बहुतेक गाड्यांत हा बदल सु. ०·३ ते ०·५ किग्रॅ./चौ. सेंमी. एवढ्या अल्प दाबावर घडून येतो. म्हणून दिवा विझलेला असणे ही दाब पुरेसा असल्याची खूण नव्हे. दाब अगदी नाहीसा झालेला नाही, एवढेच त्यावरून कळते. फोक्सवॅगन ‘बीटल’ या गाडीत मूळची सूचना अशा दिव्याचीच असे.

(३) बदलत्या रोधाचा प्रेषक : याच्या डबीसारख्या भागात पटलाला जोडलेला सरकता स्पर्शक बारीक रोधतारेच्या वेटोळ्यावरून फिरतो. दाबानुसार विद्युत् रोध बदलतो व त्याप्रमाणे फलकावरील काटा हलतो. काही प्रेषकांत रोधतार व दिव्यासाठी दाबस्विच असे दोन्ही भाग एकाच आवरणात असून त्यांना दोन अग्रे असतात.

(४) औष्णिक प्रेषक : विशेषतः १९३०–६० या काळातील काही अमेरिकन गाड्यांत हा आढळतो. याच्या आत द्विधातुपट्टीवर गुंडाळलेली तापनतार व स्पर्शकांची एक जोडी असते. प्रवाह वाहू लागला की पट्टी तापते, वाकते व स्पर्शक उघडतात. पट्टी निवाल्यावर ते पुन्हा जुळतात. दाब जितका अधिक तितके पटल स्पर्शकांना अधिक जोराने जुळवून धरते व सरासरी प्रवाह वाढतो. फलकावरील मापकातही अशीच तापणारी द्विधातुपट्टी असते व तिच्या वाकण्याने काटा फिरतो. या प्रकारात काटा सावकाश चढतो, तो बिघाड समजू नये.

मापक व प्रेषक यांची जोडी : रोधबदल प्रेषक एकटा निरर्थक असतो, तो ज्या मापकासाठी बनविलेला असेल त्याच्याशीच त्याचा मेळ बसतो. निरनिराळ्या निर्मात्यांनी रोधाच्या निरनिराळ्या मर्यादा स्वीकारल्या. जनरल मोटर्सच्या १९६०–८० या काळातील पुष्कळ गाड्यांत शून्य दाबाला सु. ० ओहम व पूर्ण दाबाला सु. ९० ओहम रोध असतो. जर्मन व्हीडीओ पद्धतीत तो शून्य दाबाला सु. १० ओहम व पूर्ण दाबाला सु. १८० ओहम असतो. स्ट्यूअर्ट-वॉर्नर पद्धतीत क्रम उलटा असून शून्य दाबाला सु. २४० व पूर्ण दाबाला सु. ३३ ओहम रोध आढळतो. फोर्ड पद्धतीतही शून्याला सु. ७३ व पूर्ण दाबाला सु. १० ओहम असा उतरता क्रम असतो. रोधाचा क्रम उलटा असलेला प्रेषक बसविल्यास एंजिन बंद असताना काटा वरच्या टोकाला जातो, त्यामुळे ही चूक लगेच लक्षात येते. दाबमर्यादेतील चूक मात्र लपून राहते. व्हीडीओ पद्धतीचे ५ बार व १० बार मर्यादेचे प्रेषक दिसण्यात व रोधात जवळजवळ सारखे असतात (१ बार = सु. १·०२ किग्रॅ./चौ. सेंमी. = १४·५ पौंड/चौ. इंच). १० बारच्या मापकाला ५ बारचा प्रेषक जोडल्यास काटा खऱ्या दाबाच्या सु. दुप्पट दाब दाखवितो. १ बार एवढाच दाब उरलेला असताना चालकाला २ बार दिसतात व तो निश्चिंत राहतो. याउलट जोडणी केल्यास निरोगी एंजिनही निम्म्या दाबाचे भासते.

मापकाला मिळणारा विद्युत् दाब हाही महत्त्वाचा आहे. दोन परस्परविरोधी वेटोळी असलेल्या मापकात काट्याचे स्थान दोन प्रवाहांच्या गुणोत्तरावर अवलंबून असल्याने घटमालेच्या (बॅटरीच्या) दाबातील लहान चढउतार जाणवत नाहीत. द्विधातुपट्टीच्या मापकाला मात्र स्थिर दाब लागतो. त्यासाठी पुष्कळ ब्रिटिश गाड्यांत सरासरी १० व्होल्ट व फोर्ड गाड्यांत सरासरी ५ व्होल्ट दाब देणारा दाबस्थिरक बसविलेला असतो. इंधनपातळी, तापमान व तेलदाब हे या स्थिरकावर चालणारे सर्वच मापक एकाच वेळी अवाजवी आकडे दाखवू लागले, तर दोष संवेदकात नसून स्थिरकात असतो.

स्थान : संवेदक शोधण्यासाठी तेलाच्या मार्गाचा मागोवा घ्यावा. तो बहुधा गाळणीच्या पुढे, मुख्य तेलमार्गाला जोडलेल्या छिद्रात असतो. म्हणजेच सिलिंडर ठोकळ्याच्या बाजूस, गाळणीच्या बैठकीवर किंवा क्वचित सिलिंडर शीर्षावर. शेवरोले गाडीच्या १९५५ पासूनच्या लहान व्ही-८ एंजिनात तो गाळणीच्या वरील बाजूस अथवा मागे, वितरकाजवळ (डिस्ट्रिब्यूटरजवळ) असतो. बीटल गाडीतही तो वितरकाशेजारी एंजिनाच्या कवचात बसविलेला असतो. पितळी वा जस्तलेपित षट्‌कोनी बूड, त्यावर काळ्या किंवा तपकिरी विद्युत् निरोधकाचे टोपण व एक तार, अशी त्याची ठेवण असते. जलतापमानाचा संवेदक दिसण्यास असाच असतो, पण तो सिलिंडर शीर्षातील किंवा जलमार्गातील छिद्रात असतो. खात्री नसल्यास प्रज्वलन स्विच चालू ठेवून त्या संवेदकाची तार काढावी. तेलदाबाच्या दिव्यावर वा काट्यावर परिणाम झाला, तर तोच तेलदाब संवेदक होय. जुन्या गाड्यांत तारांचे रंग बदललेले असल्यामुळे केवळ रंगावर विसंबणे युक्त नाही.

आट्यांची ओळख : पर्यायी संवेदक मिळविताना सर्वांत अधिक चुका आट्यांच्या बाबतीत होतात. अमेरिकन गाड्यांत १/८ इंची अमेरिकन प्रमाण नळी-आटे, ब्रिटिश गाड्यांत १/८ इंची ब्रिटिश प्रमाण नळी-आटे आणि यूरोपीय गाड्यांत १० मिमी. व्यासाचे १ मिमी. अंतराचे आटे सामान्यतः आढळतात. पहिल्याचा बाह्य व्यास सु. १०·३ मिमी., दर इंचास २७ आटे व आट्याचा कोन ६०° असतो. दुसऱ्याचा व्यास सु. ९·७ मिमी., दर इंचास २८ आटे व कोन ५५° असतो. हे तिन्ही प्रकार डोळ्यांना जवळजवळ सारखे दिसतात व एकाचा संवेदक दुसऱ्याच्या छिद्रात एक-दोन फेरे जातोही. पुढे तो अडतो. तेव्हा पान्याने जोर लावल्यास ठोकळ्यातील आटे बिघडतात किंवा तडा जातो. एका लहान भागापायी दुर्मिळ ठोकळा निकामी होण्याची अशी उदाहरणे घडतात. सूक्ष्ममापीने व्यास व आटेमापीने आटे मोजणे हाच यावर उपाय आहे. हाताने तीन-चार फेरे सहज न फिरणारा संवेदक त्या छिद्राचा नव्हे, असे समजावे. शंकूसारखे निमुळते आटे आपल्याच घट्टपणाने तेल रोखतात. समांतर आट्यांना तांब्याच्या चकतीची आवश्यकता असते.

चाचणी : चाचणीचा क्रम साध्याकडून अवघडाकडे असावा. एंजिन चालू असताना दिवा लागल्यास किंवा काटा शून्यावर गेल्यास एंजिन त्वरित बंद करणे ही पहिली पायरी होय. संवेदकच बिघडला असेल, असे मानून गाडी हाकणे अतिशय धोक्याचे असते. नंतर मापनपट्टीने तेलाची पातळी व प्रत पाहावी. तेलात पेट्रोल मिसळून ते पातळ झालेले असल्यास दाब खरोखरच उतरतो.

दिव्याच्या पद्धतीत एंजिन बंद ठेवून प्रज्वलन स्विच चालू केल्यास दिवा लागला पाहिजे. तो न लागल्यास दाबस्विचाची तार काढून तिचे टोक एंजिनाच्या स्वच्छ धातूला टेकवावे. दिवा लागला, तर दाबस्विच किंवा त्याचा एंजिनाशी असलेला विद्युत् संपर्क सदोष असतो. न लागल्यास दिवा, वितळतार (फ्यूज) किंवा तार यांत दोष असतो. तार काढलेली असतानाही दिवा पेटलेलाच राहिला, तर तार वाटेत कोठेतरी घासून धातूला टेकलेली असते. तार काढताच दिवा विझला, तर दोन शक्यता उरतात : स्विच निकामी झालेला आहे अथवा दाब खरोखरच कमी आहे. यांपैकी कोणती खरी, हे विद्युत् चाचणीने सांगता येत नाही. त्यासाठी यांत्रिक मापक लावावाच लागतो.

काट्याच्या पद्धतीत प्रेषकाची तार काढल्यावर व धातूला क्षणभर टेकविल्यावर काटा दोन विरुद्ध टोकांना जावा. जनरल मोटर्स व व्हीडीओ पद्धतींत तार मोकळी असताना काटा वर व टेकविल्यावर खाली जातो. स्ट्यूअर्ट-वॉर्नर व फोर्ड पद्धतींत याच्या उलट घडते. द्विधातुपट्टीच्या मापकात तार अधिक वेळ टेकवून ठेवल्यास आतील तापनतार जळू शकते. कोणत्याही मापकाला प्रेषकाच्या तारेवाटे घटमालेचा धन ध्रुव जोडू नये. अधिक काटेकोर परीक्षेसाठी प्रेषकाऐवजी माहीत असलेला रोध जोडतात. उदा., ०–९० ओहम पद्धतीत ४५ ओहम व २४०–३३ ओहम पद्धतीत सु. १०३ ओहम रोध जोडला असता काटा मोजपट्टीच्या मध्याजवळ येतो. तसे झाल्यास मापक व तार निर्दोष ठरतात व संशय प्रेषकापुरता उरतो.

यानंतर प्रेषकाची तार काढून त्याचे अग्र व षट्‌कोनी बूड यांमधील रोध ओहममापकाने पाहतात. एंजिन बंद असताना त्या पद्धतीचा शून्य दाबाचा रोध मिळावा. एंजिन चालू केल्यावर तो सलग बदलावा. मध्येच रोध अनंत होणे हे रोधतार तुटल्याचे आणि आचक्यांनी बदलणे हे ती झिजल्याचे लक्षण होय. औष्णिक प्रेषकाला ही कसोटी लागू पडत नाही. शून्य दाबाला त्याचे स्पर्शक उघडे असतात व दाबाखाली ते मधूनमधून जुळतात, म्हणून त्याची परीक्षा मापकासह जोडूनच करतात.

निर्णायक चाचणी : संवेदक काढून त्याच्या छिद्रात टी-जोड बसवितात व त्याच्या एका शाखेला खात्रीचा यांत्रिक मापक, दुसरीला तोच संवेदक जोडतात. मापकाची नळी पट्टा, पंखा व निष्कासनळी यांपासून दूर बांधावी, कारण तीत तापलेले तेल दाबाखाली असते. थंड एंजिन मंद गतीत, नंतर पूर्ण तापल्यावर मंद गतीत व दर मिनिटास सु. २,००० ते ३,००० फेऱ्यांना, असे आकडे नोंदवितात. यांत्रिक मापकाचे आकडे पुस्तिकेशी जुळत असून फलकावरील काटा निराळे सांगत असेल, तर प्रेषक सदोष. दोन्हीही कमी दाब दाखवीत असतील, तर संवेदक खरे बोलत आहे व दोष पंप, दाबमुक्ती झडप, गाळणी किंवा धारवे यांत शोधावा लागतो. थंड असताना चांगला दाब व तापल्यावर मंद गतीत फारच थोडा दाब ही झिजलेल्या धारव्यांची नेहमीची खूण होय. गती वाढवूनही दाब न वाढणे हे दाबमुक्ती झडप उघडी अडकल्याचे लक्षण असू शकते.

मेजावरील चाचणी : न वापरलेला पण दीर्घकाळ साठविलेला संवेदक गाडीत बसविण्यापूर्वी मेजावर तपासणे इष्ट असते. पटल कडक होणे व स्पर्शकांवर ऑक्साइड साचणे हे दोष वापराविनाही उद्‌भवतात. हातपंप, दाबनियंत्रक व खात्रीचा मापक यांना संवेदक जोडून दाब शून्यापासून टप्प्याटप्प्याने, उदा., दर वेळी १ किग्रॅ./चौ. सेंमी., वाढवितात व प्रत्येक टप्प्यावर रोध नोंदवितात. नंतर त्याच टप्प्यांनी दाब उतरवितात. चढत्या व उतरत्या क्रमातील आकड्यांत मोठा फरक पडणे हे स्पर्शक अडखळत असल्याचे चिन्ह आहे. पंपाच्या ठोक्यांनी काटा थरथरू नये म्हणून काही प्रेषकांच्या मुखाशी अतिसूक्ष्म छिद्र असते; अशा वेळी प्रत्येक टप्प्यावर काही क्षण थांबावे. दाबस्विच तपासताना स्पर्शक नेमक्या कोणत्या दाबाला उघडतात व जुळतात ते पाहतात. शेवटी पूर्ण दाबावर संवेदक काही मिनिटे ठेवून त्याच्या जोडातून गळती होत नाही, याची खात्री करून घेतात. पटल फाटल्यास तेल टोपणातून बाहेर येते. अशा संवेदकातून एंजिनातील तेल वाटेतच निघून जाऊ शकते. म्हणून अग्राजवळ तेलाचा ओलावा दिसणारा संवेदक, त्याची सूचना बरोबर असली तरी, बदलणे आवश्यक असते.

बसविणे व जतन : एकतारी संवेदकाचे विद्युत् मंडल त्याच्या आट्यांमधून एंजिनाच्या धातूशी पूर्ण होते. आट्यांवर निरोधक फीत जाड गुंडाळल्यास हा संपर्क तुटतो व नवा संवेदकही निकामी भासतो. फितीऐवजी आट्यांपुरते रोधक मलम थोडेसे लावावे, पहिले दोन आटे मोकळे ठेवावेत आणि नंतर बूड व घटमालेचा ऋण ध्रुव यांमधील (धन ध्रुव धातूला जोडलेल्या काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत धन ध्रुवापर्यंतचा) रोध जवळजवळ शून्य असल्याचे पाहावे. संवेदक घट्ट करताना पाना केवळ षट्‌कोनी बुडास लावावा. डबीला धरून पिळल्यास तिचा सांधा सैल होतो. ६ व्होल्टची गाडी १२ व्होल्टवर आणलेली असल्यास मापकासाठी दाब उतरविण्याची सोय केलेली आहे की नाही, हे तपासावे.

मूळ संवेदक मिळत नसल्यास जुना दुरुस्त करून घेणे, योग्य रोधाचा नवा बसविणे किंवा मापक व प्रेषक ही जोडीच बदलणे, असे तीन पर्याय उरतात. संग्राहक गाडीच्या मूळ रूपाला महत्त्व देतात; परंतु फलकावरील जुना मापक राखण्यासाठी न जुळणारा प्रेषक स्वीकारल्यास रूप टिकते व एंजिन धोक्यात येते. फलक जसाच्या तसा ठेवून एंजिनाच्या कप्प्यात टी-जोडावर लहान यांत्रिक मापक बसविणे हा या दोहोंतील व्यवहार्य मध्यममार्ग होय. वर्षातून मोजकेच दिवस चालणाऱ्या गाडीच्या बाबतीत, दीर्घ विश्रांतीनंतर एंजिन प्रथम चालू करताना काही सेकंदांत दाब चढतो की नाही, हे अशा मापकावर प्रत्यक्ष पाहता येते. काढलेल्या संवेदकावर त्याची गाडी, आटे, रोधमर्यादा व चाचणीचे आकडे लिहिलेली चिठ्ठी बांधून ठेवल्यास पुढील शोध पुष्कळ सोपा होतो.

[→ अंतर्ज्वलन एंजिन; दाब व दाबमापन; मोटारगाडी].